एक्केचाळीस नंबरच्या दोन ओळी

आस्ले म्हणजे माझ्या बहिणीचा जावई. त्याने हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा कॉफीचा कप तसाच ठेवून बाहेर निघून गेला. बाकीचं बंदराच्या कचेरीतल्या युरुनने सांगितलं, आणि शेवटचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. मेणबत्ती जरा इकडे सरकव. वीज काही आता सकाळपर्यंत येत नाही.

तेरा डिसेंबर. दोन वर्षांपूर्वीची लुसियाची, दिव्यांच्या सणाची रात्र. रात्र म्हणायची, कारण इथे उत्तरेला त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही; घड्याळात दुपारचे तीन. आस्ले मुलीला शाळेतून आणायला निघाला होता, बाजूच्या सीटवर सणाच्या केशरी पावांची पिशवी. बंदराच्या कचेरीपाशी आला तर युरुन रस्त्यातच उभी. एवढ्या वाऱ्यात डोक्यावर टोपीसुद्धा नाही.

"आस्ले, तुझा तक्ता कोरा पडलाय!"

बंदरावरच्या बोटींवर लक्ष ठेवायचं काम युरुनचं. त्यासाठी आस्लेनेच तिला कॉम्प्युटरवर एक पान करून दिलं होतं. त्यात मोठा तक्ता, बोटीमागे एक ओळ. नंबर, नाव, माणसं किती, आत्ता कुठे. त्या दिवशी वादळ अंदाजाच्या आधी येऊन थडकलं होतं. सगळ्या बोटी परतल्या होत्या. फक्त 'सिलवा' बाहेर होती, आणि सिलवावर युरुनचा भाचा आइविन आणि त्याचा एक सोबती.

"वायरलेसवर बोलला," युरुन म्हणाली. "'आत्या, इंजिन गेलं, पाणी आत येतंय.' एवढंच. मग नुसती खरखर. कुठे आहे ते सांगितलंच नाही रे!"

त्या वाऱ्यात ट्रोम्सो शहराहून हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं. बंदराची बचाव बोट माझ्याकडे, ती सुरू करून मी धक्क्याला उभा. पण जायचं कुठे?

आस्ले कचेरीत कॉम्प्युटरपुढे बसला. आधी त्याने दोनचार खोट्या ओळी भरून पाहिल्या. दिसल्या. म्हणजे तक्ता धड होता, मागून येणारी माहितीच त्यात बसत नव्हती. रकान्यांची नावं जुळवली. कोरा. रिकाम्या जागी शून्य घातलं. कोरा. सकाळीच त्याने पानात काही नवं बसवलं होतं, ते उपटून जुनं लावलं. कोराच.

"लवकर कर रे."

"करतोय!"

"तुझं ते नवं घाल समुद्रात! कागदावर लिहीत होते तेच बरं होतं."

आस्ले पडद्यावरच्या ओळी खाली सरकवत गेला. मग त्याला लाल अक्षरांतली चूक सापडली. तक्त्यात प्रत्येक ओळीची खूण वेगळी लागते. इथे एकाच नंबरच्या दोन ओळी येत होत्या, म्हणून तक्ता अडून बसला होता. एक्केचाळीस. त्याने येणारी माहिती उघडून वाचली.

एक्केचाळीस, सिलवा. ठिकाण रिकामं.

एक्केचाळीस, गुनवोर. ठिकाण भरलेलं.

"युरुन, ही गुनवोर कुठली?"

त्याने मान वळवली. युरुन भिंतीला टेकून खाली बसली होती.

"तोर्लाइफची," ती म्हणाली. "माझ्या भावाची. त्याला घेऊन बुडाली ती. आइविन आठ वर्षांचा होता तेव्हा. मोठा झाल्यावर त्याने बापाचाच नंबर घेतला."

"मग जुनी नोंद राहिली असेल. काढून टाकतो."

त्याने नोंदींचा मूळ साठा उघडला. त्यात गुनवोर नव्हती. कधीच नव्हती. हे पान तयार झालं ते ती बुडाल्यावर कितीतरी वर्षांनी.

मग त्याने तक्त्याला माहिती पुरवणारा दुवाच तोडला. आता काहीच दिसायला नको.

तक्ता भरला.

एकच ओळ. गुनवोर. आणि ठिकाणाचे आकडे... बदलत होते.

"युरुन, ऐक. ही चूक आहे. माझी चूक. या आकड्यांवर बोट पाठवलीस आणि पोरं भलतीकडे असली तर... संपलं."

"दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

आस्ले त्या हलणाऱ्या आकड्यांकडे बघत राहिला.

"सांग ना! दुसरं काय आहे?"

तिने मला वायरलेसवर आकडे दिले. मी विचारलं, "कुठून मिळाले?"

खरखर. मग तिचा आवाज.

"विचारू नकोस. जा."

मी गेलो.

पोरांनो, तसला समुद्र मी पुन्हा पाहिलेला नाही. सांगितलेल्या जागी पोचलो. दिवा फिरवला. सिलवा होती. इंजिन बंद, अर्धी पाण्यात. आणि ती वाऱ्याच्या विरुद्ध... पुढे येत होती. बंदराकडे.

पुढच्या टोकाला दोर. ताठ. काळोखात गेलेला.

मी दिवा पुढे टाकला. पाणी. नुसतं पाणी.

आइविन ओरडला, "इतका वेळ ओढताय, मग बाजूने कसे आलात?"



आम्ही आमचा दोर टाकला. तो घट्ट बसला... आणि त्यांचा सैल पडला.

कचेरीत आस्ले पाहत होता. ओळ थांबली. आकडे स्थिर. मग पुन्हा हलले. उलटे. खोल समुद्राकडे.

युरुन पडद्याजवळ गेली. काचेवर हात ठेवला.

"तोर्लाइफ... पोरगं आलं रे. तूही ये ना."

आकडे थांबले नाहीत.

थोड्या वेळाने ओळ गेली. तक्ता कोरा झाला. आस्लेने दुवा पुन्हा जोडला, सगळ्या बोटी दिसायला लागल्या. एक्केचाळीसची एकच ओळ, सिलवा. चूक कुठे होती ते त्याला आजतागायत सापडलेलं नाही.

धक्क्याला लागल्यावर मी तो दोर वर ओढला. आइविन म्हणाला, आम्ही बांधलाच नाही. दुसरं टोक हातात आलं, बारीक शिंपल्यांनी मढलेलं.

दोर माझ्या शेडमध्ये खुंटीला टांगलाय, शेगडीच्या वरच. दोन उन्हाळे गेले. खाली अजून थेंबांसाठी बादली ठेवावी लागते.