दुसऱ्या पानावरची खाडाखोड

विमा कंपनीचं पत्र तीन ओळींचं होतं. जखमी भावकू स्वतःच गाडी चालवत होता, त्याच्याकडे परवाना नव्हता, सबब दावा नामंजूर.

"त्येंनी जन्मात स्टेअरिंग धरलं न्हाय," त्याची बायको मालुबाई म्हणाली.

वकील विद्युल्लता बेळगावात वीस वर्षं अपघाताचे दावे चालवत होत्या. अशिलावर विश्वास ठेवायचा, पण कागद बघून, ही त्यांची जुनी खोड.

भावकू बेळगुंदीच्या घरी अंथरुणाला खिळला होता. डोक्याला मार लागून वाचा गेलेली. भरपाई मिळाली तरच पुढचे उपचार होणार होते. वर निष्काळजीपणाचा गुन्हाही त्याच्याच नावावर, आणि नाही म्हणायला बिचाऱ्याला तोंड नाही.

फिर्याद धाकट्या भावाची, रवळूची. तो समोरच बसला होता. शेजारी त्याचा मुलगा सौरव, डाव्या पायाला प्लास्टर.

"गाडीत कोण कोण होतं?"

"अण्णा, सौरव आन् निपाणीचा एक बदली डायवर. कोगनोळीजवळ दुभाजकाला धडकली, त्यो पळाला."

"मग फिर्यादीत भावकू चालवत होते असं कसं?"

"पोलिसांनी कन्नडात लिवलं, बाईसाहेब. मला वाचाय येत न्हाय. सही केलो."

सौरव म्हणाला, तो मागे झोपला होता, पाय पुढच्या सीटखाली अडकला. पुढे काही विचारलं की तो बापाकडे बघायचा.

सीमाभागात न वाचता सही करणारे विद्युल्लतांनी शेकड्यांनी पाहिले होते. त्यांनी निपाणीत पंधरा दिवस ड्रायव्हर शोधला. तो कुणी पाहिलाच नव्हता.

मग त्या कागदांकडे वळल्या. अपघाताच्या फोटोत क्लचखाली एक डावा बूट अडकलेला होता. रुग्णालयाच्या यादीत सौरवच्या वस्तू होत्या: मोबाईल, पाकीट, उजवा बूट एक. भावकूच्या नावापुढे पादत्राणाचा उल्लेख नव्हता. मालुबाईला विचारलं, तर लेकीचं लग्न ठरेपर्यंत अनवाणी राहायचा नवस त्याने बोलला होता.

फिर्यादीच्या दुसऱ्या पानावर एक खाडाखोड होती. ती पाहून विद्युल्लतांना वाईट वाटलं. त्यांनी तिघांना बोलावलं.

"ड्रायव्हर नव्हताच. गाडी सौरव चालवत होता. क्लचखाली याचाच बूट आहे, आणि मोडलाय तोही डावाच पाय."

सौरवने मान खाली घातली.

"पोलिसांनी फिसकटवलं आसंल," रवळू म्हणाला. "मला काय ठावं?"

"इथे तुमचं जखमीशी नातं 'शेजारी' लिहिलं होतं. ते खोडून 'सख्खा भाऊ' केलंय, बाजूला तुमची सही. फिर्याद वाचून दाखवली असेल, तर त्याच पानावर गाडी कोण चालवत होतं तेही तुम्ही ऐकलंत. नसेल दाखवली, तर तुम्ही स्वतः वाचलंत. खरं कुठलं?"

रवळूने ते पान हळूच दूर सरकवलं.

"पोराला नोकरीचा हुकूम आलता," तो शेवटी म्हणाला. "गुन्हा लागला आस्ता तर गेली आस्ती. आन् डाक्टर म्हणालते, अण्णा रात काढत न्हाय. मेलेल्या माणसाला कुठला तुरुंग, म्हणून सांगितलो."

पण भावकूने रात्र काढली. त्यानंतरच्याही शंभरेक काढल्या.

मालुबाईने विचारलं, आता दावा मिळेल का. विद्युल्लतांनी खोटं सांगितलं नाही. गाडी भंगारात गेली, बूटही गेला. नुसत्या फोटोवर कंपनी वर्षानुवर्षं भांडेल. सौरवकडे परवाना होता; रवळूने कोर्टात उभं राहून खरं सांगितलं, तरच काही आशा. मग मात्र सौरववर गुन्हा.

मालुबाई रडली नाही. दिराकडे वळून तिने शांतपणे विचारलं, "भावजी, त्येंस्नी वाचा न्हाय. तुमास्नी हाय न्हवं?"

रवळूने सौरवच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग उठून त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला सांभाळून जिन्याने खाली घेऊन गेला.