पडद्याच्या गाडीतला आरसा

बनी पार्क वस्तीतल्या घराच्या गच्चीवर जेवणं झाली आणि लाइट गेले. उमाकांतकाकांनी शाल लपेटली.

"भुतंखेतं मी मानत नाही," ते पोरांना म्हणाले. "पण रंगनाथ माझा शेजारी. त्याला थापा मारता येत नाहीत, हीच पंचाईत आहे."

"मतलब, खरंच घडलंय काका?" शालिनीनं पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.

"त्रेसष्ट साल. संक्रांतीची आदली रात्र, रविवार. ऐका."

त्या संध्याकाळी रंगनाथ जोगळेकर आरसा आणायला बाजारात गेले होते. तिसरा आरसा.

लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले हे गृहस्थ. चौमूं गावाकडच्या एका ठाकूरसाहेबांची जुनी गाडी त्यांनी दुरुस्तीला घेतली होती. इंजिन विलायतेचं, आणि वरची बॉडी तिथल्याच कारागिरांनी लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून, खास या एकाच गाडीसाठी हातानं बांधलेली. जनानखान्याची गाडी! बाजूला गडद निळ्या काचा. ड्रायव्हरच्या पाठीशीही काच, तिच्यावर पडदा. थांबायचं असलं की आतून दोरी ओढायची, ड्रायव्हरच्या कानाशी घंटी वाजायची. त्यानं मागं बघायचं नाही. म्हणून गाडीत आरसाच नव्हता. आरशासाठी साधं भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं.

दोन वर्षं खपून रंगनाथांनी वाळवी लागलेली चौकट बदलली, पत्रा सरळ केला. आता मंगळवारी सरकारी तपासणी. आरशाशिवाय गाडी पास होणार नव्हती, आणि पास झाली नाही तर ठाकूरसाहेब ती भंगारात देणार होते.

आणि आरसा काही राहीना! पहिला रोज सकाळी उलटा फिरलेला, तोंड पुढच्या काचेकडे. स्क्रू आवळले, तरी तेच. दुसरा रातोरात तडकला. रंगनाथांनी लाकडाला शिव्या घातल्या, स्क्रूला घातल्या, पाना आपटला तो स्वतःच्याच पायावर.

"बायकांच्या गाडीत डोकावायचंय कशाला तुम्हाला?" रंगनाथांच्या पत्नी इंदुबाई तीळ भाजता भाजता म्हणाल्या.

"मला नाही, सरकारला डोकावायचंय!"

"मग सरकारला म्हणावं, तूच बस तिथं."

"अगं, संस्थानं गेली, राण्या गेल्या. आता कुणाचा पडदा? तो तर शिंप्याकडे पडलाय!"

तिसरा आरसा त्यांनी आरपार बोल्ट घालून बसवला. पितळी कडेचा, पाठीवर लाल रंगाचा जाड थर. आठच्या सुमाराला गाडी चौमूंच्या रस्त्यावर काढली. खड्ड्यांत आरसा हलतो का, एवढंच बघायचं होतं.

हलला नाही. रंगनाथ शीळ घालायला लागले.

वस्ती मागं पडली. चंद्र उगवायचा होता. थंडी.

घंटी वाजली.

एकदाच. हळू.

घंटीची दोरी अजून जोडलेली नव्हती. ती घरी, खिळ्याला लटकत होती...

रंगनाथांनी आरशात पाहिलं. मागं पडदा होता. पूर्ण ओढलेला. जुना, जांभळा. त्याची कड जरा हलली. कुणीतरी आतून धरल्यासारखी...

"कोण आहे?"

पुन्हा घंटी. या वेळी जोरात. गाडी थांबली. ती आपण थांबवली की नाही, हे रंगनाथांना आजही सांगता येत नाही. त्यांनी मान खाली घातली. बराच वेळ.

मग वर पाहिलं. आरशात पडदा नव्हता. मागची बैठक नव्हती. त्यांचे स्वतःचे डोळेही नव्हते. आरशातून समोरचा रस्ता दिसत होता...

"मग? गाडी भंगारात?" शालिनीचा आवाज चिरका निघाला.

"छे! त्यानं बाहेर, मडगार्डवर आरसा लावला. त्यात नुसता रस्ता दिसतो. पडदाही चढवला. गाडी पास! एवढी साधी गोष्ट आधी सुचली नाही, म्हणून अजून चरफडतो बिचारा." काकांनी शालीतून काहीतरी काढलं. "ही काच त्याला घरात नको होती."

तेवढ्यात लाइट आले. शालिनीनं ती पितळी कडेची काच तोंडासमोर धरली. तिचा चेहरा नव्हता. काचेतून पलीकडचे काका दिसले. तिनं मागून बोट फिरवलं. पारा नाही, लाल रंग नाही, खरवडल्याचा एक ओरखडाही नाही.

कडेत मात्र करवतीनं कापलेला बोल्ट होता. अजून तसाच, घट्ट.