कात्रिनमावशीचे तीन ठोके

दिवा जरा इकडे सरकवा. इतकी पुस्तकं वाचली मी, पण त्या दुपारी जे ऐकलं ते खरंच ऐकलं का, याची खात्री अजून होत नाही.

एकेचाळीसचा ऑक्टोबर. आमच्या लक्सेंबर्गवर जर्मनांचा अंमल. शिरगणतीचे कागद गोळा करायला आम्हा शिक्षकांना जुंपलं होतं. राष्ट्रीयत्व, मातृभाषा, वंश... तिन्हींपुढे ‘जर्मन’ लिहा, असा हुकूम. गावात मात्र कुजबुज एकच : तीनदा लक्सेंबर्गी.

धुकं दाटलं होतं. एका जर्मन साहेबाबरोबर मी कात्रिनमावशीकडे गेलो. तिच्या घराखाली पाटीच्या दगडाची जुनी, बुजवलेली खाण. घरभर ओल्या दगडाचा वास. चुलीजवळ खिळ्याला तिच्या नवऱ्याचा, माथेसचा, हातोडा.

“बूट पुसून ये म्हणावं त्याला,” मावशी म्हणाली. आमची भाषा साहेबाला कळेना. मी जर्मनमधून सांगितलं.

तिचा कागद कोरा होता. “चष्मा फुटलाय. मी सांगते, गुरुजी, तुम्ही लिहा.”

“जपून, मावशी,” मी पुटपुटलो. “घर काढून घेतील... दूर कुठंतरी धाडतील.”

ती हातोड्याकडे बघत राहिली. “सुरुंगानंतर दगड कोसळले, तर आत अडकलेल्या माणसानं तीन ठोके द्यायचे, मग तो जिवंत धरायचा. त्या दिवशी माथेस हातोडा घरी विसरला. ठोके आले नाहीत, म्हणून तो मेला असं धरून खाण बुजवली. त्याला देता आले नाहीत, गुरुजी. मी माझे तीन का सोडू? विचारा.”

“राष्ट्रीयत्व?”

“लक्सेंबर्गी.”

फरशीखाली... ठक्.

“मातृभाषा?”

“लक्सेंबर्गी.”

ठक्.

“ती भाषाच नव्हे!” साहेब ओरडला, पण आवाज चिरकला.

“मग मघाशी माझं बोलणं गुरुजींना तुला जर्मनमधून का सांगावं लागलं?”

मी याचं भाषांतर केलं नाही. पुढचा रकाना वाचला. “वंश...?”

“लक्सेंबर्गी.”

ठक्.

“खाली... कोण आहे?” साहेबानं विचारलं.

“पाणी,” मावशी म्हणाली.

साहेब टोपी विसरून गेला.

पुढे त्यांनी कागदांचे पहिले गठ्ठे उघडले. जवळपास सगळ्या देशाचं उत्तर तेच होतं. मोजणीच रद्द झाली. मावशी मरेपर्यंत त्याच घरात राहिली. तिच्याइतकं ताठ माणूस मी पाहिलं नाही.

पण त्या दुपारी उठताना माझी नजर खिळ्याकडे गेली. हातोडा जागेवरच होता. त्याच्या दांड्यावरून पाणी ठिबकत होतं... काळं, दगडाच्या भुकटीचं. मावशीनं त्याखाली वाडगं सरकवलं.

वाडगं त्याच काळ्या पाण्यानं आधीच अर्धं भरलेलं होतं.