नवाफच्या अंगणातला खड्डा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

रात्र नव्हती. भर दुपार होती. तीन वर्षांपूर्वीचा जुलै, शुक्रवार, नमाज नुकतीच झालेली. अजलूनच्या डोंगरातलं आमचंच गाव.

मी तैसीर. घराघरांतले संडासाचे खड्डे उपसायचा माझा टँकर आहे.

नवाफचा खड्डा बारा वर्षं कुणी उघडला नव्हता. का, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ रातिब तो साफ करायला आत उतरला होता आणि वायूने गुदमरून मेला; बाहेर काढलं ते प्रेतच. नवाफ त्याला वर ओढत होता, पण दोर तुटला... असं नवाफ सांगायचा.

आता घाण अंगणात वर आली होती.

"नवाफ, दर तीन वर्षांनी उपसायचा असतो रे! झाकणाचं काँक्रीट बघ, नुसता भुगा झालाय."

"तू तुझं काम कर ना बाबा."

त्याची बायको इंतिसार फणकारली, "मी सांगून सांगून थकले, तैसीरभाऊ. मला म्हणतात, तुझंच नाक फार तिखट!"

तासाभरात खड्डा रिकामा झाला. मी पंप बंद केला.

सगळं शांत.

...आणि खालून कुणीतरी खोकलं.

आम्ही वाकून पाहिलं. ऊन थेट तळापर्यंत पोचलं होतं. ओला खडक. कुणीच नाही.

खालूनच आवाज आला, "नवाफ... दोर टाक."

नवाफचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने माझ्या टँकरवरचा दोर ओढून आत सोडला. मीही नकळत दुसरं टोक धरलं.

दोर ताठ झाला.

वजन होतं त्याला. माणसाचं वजन. माझे तळहात सोलले.

"आलो रे राजा, आलो!" म्हणत नवाफने एक पाय आत टाकला.

"अहो, नको!" इंतिसारने त्याच्या कमरेला मिठी मारली. तिच्याच्याने तो आवरेना. तीही खड्ड्याकडे घसरू लागली.

दोर धरू, की नवाफला?

मी दोर सोडला. नवाफची कॉलर पकडून त्याला मागे खेचलं.

दोर सरसरत आत गेला.

मग खालून... अगदी थकलेला आवाज आला.

"परत सोडलास?"

आम्ही तिघांनीही ऐकलं.

नवाफ मातीत बसून हुंदके देत होता. "तुटला नव्हता, तैसीर... मलाही चक्कर यायला लागली होती. मी सोडला. तो हाका मारत होता आणि मी सोडला."

इंतिसारने त्याच्या कमरेभोवतीचे हात काढून घेतले.

मी परत वाकून पाहिलं. ओला खडक. दोर मात्र कुठेच नव्हता.

तो खड्डा दगडमातीने बुजवला. घराच्या दुसऱ्या अंगाला नवी पक्की टाकी बांधली. नवाफ आता कुणाशी फारसं बोलत नाही.

परवा इंतिसारचा फोन आला. "तीन वर्षं झाली, तैसीरभाऊ. टाकी भरलीय. कधी येताय?"

मी म्हणालो, टँकर बिघडलाय.

टँकर दारातच उभा आहे. ठणठणीत.