चुकांचा खुलासा

नवगिरीच्या बालमेंदू प्रयोगशाळेत शिरण्याआधी चपला काढाव्या लागत, निळे कापडी मोजे चढवावे लागत आणि भिंतीतल्या भोकांतून येणाऱ्या गार वाऱ्याने अंगावरची धूळ झटकून घ्यावी लागे. कुमुदिनी खैरनारांना यातल्या एकेका गोष्टीचा राग आला. वडपाड्याच्या त्यांच्या शाळेत दोन पावसाळे चौथीच्या वर्गात गळत होतं आणि ताडपत्रीच्या अर्जाला उत्तर आलं नव्हतं. इथे मात्र धुळीच्या कणालाही आत यायला परवानगी लागत होती.

खरं तर राग मोज्यांचा नव्हता. पिशवीत चौथीच्या अकरा वह्या होत्या, राग त्यांचा होता. आणि त्याहून मोठा राग स्वतःचा होता, पण तो काढायचा कोणावर?

आत गोल टेबलाशी दोघे बसले होते. एक शिक्षणाधिकारी बागुल. त्यांनी बाईंच्या खुर्चीसमोर एक कागद आणि त्यावर पेन आधीच ठेवून दिलं होतं. दुसरे डॉ. निरंजन पाटणकर, सावधपट्टीचे जनक. बोलायला मऊ, पेहरावाने टापटीप, आणि चेहरा असा शांत की बघणाऱ्याला उगीच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

कागद संमतिपत्राचा होता. सोमवारी वडपाड्याच्या पहिलीत चौदा नवी मुलं बसणार होती, आणि कायद्याप्रमाणे मुख्याध्यापकाच्या सहीशिवाय कुठल्याही मुलाला पट्टी बांधता येत नव्हती. एकदा बांधली की मात्र चौथी संपेपर्यंत ती काढायची नाही, तसा करारच होता. तीन वर्षांपूर्वी अशाच कागदावर खैरनार बाईंनी सही केली होती. वाचून केली होती, आनंदाने केली होती. आजची चौथी म्हणजे त्या सहीची मुलं.

“सही नंतर,” बाई म्हणाल्या. “आधी डॉक्टरांनी मला पट्टी समजावून सांगावी. पहिलीच्या पोराला सांगतात तशी.”

बागुलांनी घड्याळाकडे पाहिलं. पाटणकरांना मात्र आनंद झाला. आपल्या शोधाबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही?

त्यांनी सांगितलं ते असं. माणूस चुकीचं उत्तर देतो त्याआधी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका वेळ त्याचा मेंदू अडखळतो. त्या अडखळण्याची एक बारीक विद्युत लहर उठते, तिला त्यांनी चूकलहर असं नाव दिलं होतं. कपाळावर लावलेला मसुराएवढा टिपक ती लहर टिपतो आणि मनगटावरच्या पट्टीला कळवतो. पट्टी लाल होते आणि हलकी टिचकी मारते. टिचकी बसली की मुलाने पेन्सिल उचलायची आणि पुढचं बाईंनी सांगायचं. चूक पुरी होऊच द्यायची नाही. लहर नसेल तर पट्टी हिरवी आणि गप्प राहते.

“म्हणजे पट्टीला गणित येत नाही,” बाई म्हणाल्या.

“गरजच नाही. मुलाच्या मेंदूला आपण चुकतोय हे आतून कळत असतं. पट्टी फक्त ते ऐकते.”

“आतून कसं कळतं?”

“अनुभवाने. पूर्वी तसंच काही करताना माणूस आपटलेला असतो. ती आठवण पुन्हा तिथे आल्यावर बोचते. लहर म्हणजे ती बोच.”

हे सांगताना पाटणकरांनी स्वतःचा हात पुढे केला. त्यांच्या मनगटावर पट्टी होती, हिरवीगार. सहा वर्षं ती उतरवलेली नाही, असं ते म्हणाले. पहिल्या वर्षी दिवसाला चाळीस-चाळीस टिचक्या बसायच्या, दुसऱ्या वर्षी पाच-सात, आणि आता गेल्या दोन वर्षांत एकही नाही. माणूस किती वाढू शकतो याचा हा पुरावा आहे, असंही ते म्हणाले. बागुलांनी मान डोलावली. त्यांच्याही मनगटावर पट्टी होती, पण बाहीखाली.

बाईंनी पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मंगळवारी काय झालं ते सांगितलं.

मंगळवारी शाळेत बेचाळीस मुलं हजर होती. खिचडीच्या पहिल्या पंगतीला सतरा मुलं जेवून उठली. दुसऱ्या पंगतीच्या ताटल्या मांडायचं काम चौथीतल्या चैताली गांगुर्डेकडे होतं. चैताली म्हणजे वर्गात पहिली, पट्टी तिसरीपासून एकदाही लाल न झालेली. तिने पाटीवर बेचाळिसातून सतरा वजा केले, पस्तीस ताटल्या मांडल्या, आणि स्वयंपाकाच्या सोजरताईंनी पस्तीस ताटल्या वाढल्या. पोरं बसली. दहा ताटल्यांपुढे कोणीच नव्हतं.

चूक साधी होती. दोनातून सात जात नाहीत म्हणून चार दशकांतला एक मोडून सुटे केले, आणि पुढे दशक मोजताना मोडलेलाही परत मोजला. अशी चूक दर पिढीतलं दर पोर करतं. कान लाल होतो, पुन्हा करत नाही. बाईंनी चैतालीला हाक मारली, त्या दहा ताटल्या दाखवल्या आणि पुन्हा गणित करायला लावलं. तिने पुन्हा पस्तीसच लिहिले. बाईंनी विचारलं, मग या ताटल्या उरल्या कशा? चैतालीने ताटल्यांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, “मग दहा पोरं यायची राहिली असतील, बाई.”

“अगं, सगळी तुझ्यासमोर बसलीयेत. तुझं गणित चुकलंय.”

“नाही चुकलं. चूक असती तर टिचकी आली असती.”

त्या पोरीच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. हट्ट असता तर बाईंना आवडला असता. तिथे काहीच नव्हतं, आणि ते बघून गेल्या तीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना वर्गात भीती वाटली.

त्याच दुपारी त्यांनी सबंध चौथीला ते गणित घातलं. नऊ जणांनी पस्तीस लिहिले. एकाने दोन्ही आकडे मिळवून एकोणसाठ लिहिले. बरोबर उत्तर फक्त वृषालीचं आलं, आणि वृषालीची पट्टी दोन वर्षं बंद होती. दुरुस्तीचा अर्ज बागुल साहेबांच्याच कार्यालयात पडून होता.

“दहा चुकीची उत्तरं आणि दहा हिरव्या पट्ट्या,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर, तुम्हीच आत्ता सांगितलंत, आपटल्याची आठवण बोचते. माझी पोरं पहिलीपासून आपटलीच नाहीत. दोन वर्षं प्रत्येक चुकीच्या उंबरठ्यावरून तुमच्या पट्टीने त्यांना मागे ओढलं. मग तिसरीत हातच्याची वजाबाकी आली. नवी गोष्ट. तिथे बोचायला आत होतं काय? कधी चुकलेच नाहीत म्हणून शंका नाही, शंका नाही म्हणून लहर नाही, लहर नाही म्हणून पट्टी हिरवी. आणि हिरवी म्हणजे बरोबर, असं तुमचं परिपत्रक सांगतं.”

ते परिपत्रक बाईंना तोंडपाठ होतं. पट्टी असलेल्या वर्गात परीक्षा घेऊ नये. वह्यांवर लाल शाई वापरू नये, बालमनावर ओरखडे पडतात. मुलांच्या प्रगतीची नोंद पट्टीवरूनच वृद्धिफलकावर चढेल, आणि तो फलक शाळेच्या फाटकावर लावावा. वडपाड्याचा फलक दोन वर्षं जिल्ह्यात पहिला होता. शाल, नारळ, ‘शून्यचूक शाळा’ अशी पाटी, सगळं झालं. वह्या तपासायचं काम सुटलं म्हणून शिक्षक खूश होते, आणि खोटं कशाला सांगायचं, बाईसुद्धा खूश होत्या. तो नारळ त्यांनी घरी नेऊन फोडला होता.

पाटणकरांनी एक वही उघडली, मिटली आणि बाजूला सरकवली. अकरा मुलं हा नमुना फार लहान आहे, असं ते म्हणाले. हाताने घेतलेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही, बाईंच्या घाबरवण्याने मुलं गोंधळली असतील, आणि राज्यातल्या सहा लाख पट्ट्या दरवर्षी अधिकाधिक गप्प होत आहेत, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

“तोच तर पुरावा आहे,” बाई म्हणाल्या. आवाज चढला होता आणि त्यांनी तो उतरवला नाही. “सहा लाख पोरं चुकायची बंद नाही झाली. चुकतोय हे कळायचं बंद झालंय त्यांना. तुम्ही शास्त्रज्ञ आहात. आपलं कुठे चुकलं असेल, असं एकदा तरी मनात येतं का तुमच्या?”

पाटणकरांनी खरोखर विचार केला. डोळे मिटले, क्षणभर थांबले, मग मनगटाकडे पाहिलं. पट्टी हिरवी होती.

“नाही,” ते शांतपणे म्हणाले. “चूक असती तर टिचकी आली असती.”

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मंगळवारी दहा ताटल्यांपलीकडे हाच चेहरा होता. वाद घालण्यात अर्थ उरला नव्हता, कारण समोर वाद घालणारं कोणी नव्हतं. त्यांनी वह्या पिशवीत भरल्या, संमतिपत्राचे उभे दोन तुकडे केले आणि टेबलावर ठेवले. बागुल म्हणाले की याचे परिणाम होतील. होऊ देत, असं म्हणून बाई मोजे दारातच भिरकावून बाहेर पडल्या.

सोमवारी पहिलीची चौदा मुलं मोकळ्या मनगटांनी शाळेत बसली. चौथीच्या पट्ट्या काढता येत नव्हत्या, करार आडवा येत होता. पण लाल शाई घ्यायला कोणाची सही लागत नाही. बाईंनी गावातल्या दुकानातून दोन लाल पेनं आणली, घरून डबाभर चिंचोके आणले आणि चौथीचा वर्ग स्वतःकडे घेतला.

चैतालीपुढे त्यांनी बेचाळीस चिंचोके मोजून ठेवले आणि सतरा बाजूला काढायला सांगितले. उरले ते तिने मोजले. पंचवीस. पुन्हा मोजले, पंचवीस. तिसऱ्यांदाही पंचवीसच. मग तिने हाताच्या एका फटक्यात सगळे चिंचोके उधळून दिले आणि ओरडली, “हे खोटं आहे. तुम्ही कमी दिले.” ती अर्धा तास रडली. बाई शेजारी बसून राहिल्या, पण रडू नको असं म्हणाल्या नाहीत. चिंचोके वेचून झाल्यावर त्यांनी तिच्या वहीतल्या पस्तिसावर लाल फुली मारली. तीन वर्षांतली त्या वर्गातली ती पहिली फुली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, एकसष्ट वजा चौतीस. चैतालीने एक मोडून सुटे केले, अकरातून चार गेले सात, आणि दशकाच्या घरात तीन लिहायला पेन्सिल टेकवली. तेवढ्यात ती दचकली. मनगट झटकत ती बाईंकडे धावत आली.

“बाई, माझी पट्टी बिघडली.”

पट्टी लाल झाली होती. बाईंनी ते मनगट दोन्ही हातांत धरलं. इतक्या दिवसांचा राग डोळ्यांत आला, आणि तो पोरांपुढे येऊ द्यायला त्यांना लाज वाटली नाही.

“नाही गं. आज कुठे चालू झाली. पण पेन्सिल उचलायची नाही. पुढे लिही, मग चिंचोके मोज आणि बघ काय होतंय.”

महिनाभरात फाटकावरचा वृद्धिफलक हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल झाला. सावधपट्टी असलेल्या शाळांमध्ये वडपाडे जिल्ह्यात शेवटचं आलं. पट्टीला गणित येत नव्हतं. तिला फक्त एवढंच दिसत होतं की राज्यात सगळीकडे शांतता आहे आणि एका शाळेत पोरं सारखी अडखळत आहेत. यंत्राने आपलं काम चोख केलं आणि बागुलांनी त्यांचं. नोटीस आली.

‘आपल्या शाळेतील इयत्ता चौथीच्या वर्गात चुका होत असल्याचे निदर्शनास आले आहे. आपणांस निलंबित का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा.’

पालकांची सभा झाली. दोन-तीन बाप चिडले होते, शाळा शेवटची कशी आली म्हणून. बाईंनी त्यांच्या हातात पोरांच्या वह्या दिल्या आणि लाल फुल्या मोजायला सांगितल्या, मग त्या फुल्यांखाली पोरांनी स्वतः पुन्हा केलेली गणितं बघायला सांगितली. बापांनी वह्या शेवटच्या पानापर्यंत चाळल्या. सगळ्यांना पटलं असं नाही, पण फलकाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

खुलासा बाईंनी मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गातच लिहायला घेतला. समोर अकरा वह्यांचा गठ्ठा होता आणि चैताली त्यांना एकेक वही उघडून देत होती. बाईंनी लिहिलं:

‘चुका होत आहेत हे खरे आहे. या महिन्यात अकरा मुलांनी मिळून ४१२ चुका केल्या. त्यांपैकी २६५ चुका मुलांनी स्वतः शोधून सुधारल्या. उरल्या १५७. त्यांवर काम चालू आहे. मला निलंबित करायचे असल्यास करावे, पण पहिलीच्या चौदा मुलांना पट्टी बांधायला माझी सही मिळणार नाही.’

राग कागदावर नीट उतरला होता. बाईंना बरं वाटलं. त्यांनी खाली सही केली आणि शिक्का उचलला.

चैताली खुर्चीच्या पाठीमागून वाचत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. मोठ्या बाईंना असं सांगावं की नाही, या विचाराने ती थोडी घुटमळली, आणि तिच्या मनगटावर टिचकी बसली. तिने पट्टीकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताने ती झाकून टाकली.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही एक दशक मोडलात ना? मग तो परत का मोजला?”

बाईंनी शिक्का खाली ठेवला. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. एकशे सत्तेचाळीस. कान लाल झाल्याचं त्यांना स्वतःला जाणवलं.

सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही, नवा कागद घ्यावा लागतो. बाईंनी नवा कागद घेतला नाही. त्यांनी लाल पेनाने १५७ वर फुली मारली, शेजारी १४७ लिहिले, त्याच्या बाजूला चैतालीची सही घेतली आणि खुलासा तसाच पाठवून दिला.