हटसेल लाँड्रीखालची माती

लोरीन हटसेलचं घर शेवटी वाचलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. घर आत्ता जायच्या बेतात आहे, आणि थेडा क्राइल लोरीनच्या स्वयंपाकघरात कॉफी पितेय.

थेडा हरवलेले जुने विमे शोधून काढते. सोबत भाचा ड्वेन. तो खोकी उचलतो.

"नवऱ्याच्या, गसच्या ड्रायक्लीनिंगचं रसायन जमिनीत मुरलंय," लोरीन म्हणाली. "गस गेला, दुकान गेलं. आता इंडियाना सरकार म्हणतंय, माती साफ करा. घर विकल्याशिवाय कुठून करू?"

"जुन्या विम्यात प्रदूषण वगळलेलं नसायचं. तेव्हाची पॉलिसी दाखवली तर कंपनीला आजही भरपाई द्यावी लागेल. कुठेय?"

"क्रेगने जाळली असणार. माझाच मुलगा! त्याला जागा डोनटवाल्याला विकायचीय."

थेडाने विचारल्यावर क्रेग भडकला. "मी? आई दर वसंतात घरातला कागद न् कागद फेकते! माझा जन्मदाखलासुद्धा गेला. कायद्याने मी अजून जन्मायचोय."

गसचा जुना विमा एजंट मर्ल म्हणाला, "पॉलिसी दरवर्षी गसच्या हातात दिली. माझ्या प्रती पुरात गेल्या. म्हटलं, बायकोपासून जप. तर नुसता हसला."

मग घराची झडती. झोपायच्या खोलीत लग्नाचा फोटो होता: गस आणि लोरीन, दोघंही बोलिंग क्लबच्या शर्टात. कपाटावर धुतलेला लग्नाचा झगा ठेवतात तसला सीलबंद खोका, त्याच्या खिडकीतून पांढरी लेस दिसत होती. ड्वेनने तो उचलला.

"बाप रे! आत नवरीपण आहे का?"

"खाली ठेव मेल्या!" लोरीन ओरडली. " सील फुटलं की झगा पिवळा पडतो, हमी संपते. गिऱ्हाइकाचा आहे. नवरी न्यायला आलीच नाही. गस म्हणाला, घरीच राहू दे."

"न नेलेल्या बाकी कपड्यांचं काय करायचात?" थेडाने विचारलं.

"वर्षभराने चर्चला देऊन टाकायचो."

थेडाने क्रेग आणि मर्लला बोलावून घेतलं. गुन्हेगार नसला तरी सगळ्यांना एका खोलीत बसवायची तिला हौस.

"मावशी, इथे काहीच नाही," ड्वेन कुरकुरला. "एक लग्नाचा झगा तेवढा."

"तोच. बाकी सगळं चर्चला गेलं, हा राहिला; म्हणजे गसला तो हवा होता. लेसच्या मानाने भलता जड. म्हणजे आत आणखी काही आहे. आणि या घरात बाई फेकणार नाहीत, उघडणारही नाहीत, अशी वस्तू एकच. फोडा."

"मुळीच नाही," लोरीन म्हणाली. "गिऱ्हाइकाचं सील मी जन्मात फोडलेलं नाही."

"आई, घर जाईल!"

"जाऊ दे. उद्या ती आली तर काय तोंड दाखवू?"

"ती आता सत्तरीची असेल," मर्ल म्हणाला.

"सत्तरीत लग्नं होत नाहीत?"

मर्लने मान डोलावली. त्याचं तिसरं पुढच्या महिन्यात होतं.

"बाई," थेडा हळूच म्हणाली, "कागद आत गेले, म्हणजे सील गसनेच फोडलं आणि परत लावलं. हमी तेव्हाच गेली."

लोरीनने गसला एक कचकचीत शिवी हासडली आणि कात्री घेतली. आकार राहावा म्हणून झग्याच्या छातीत पातळ कागद कोंबतात. या झग्याच्या छातीतून एकामागून एक पॉलिसी निघाल्या.

कंपनीने खळखळ करत माती खणून नेऊन साफ करायचं कबूल केलं. लोरीनने संमतीपत्रावर सही केली आणि खाली लिहिलं:

"सदर माती आमच्या मालकीची असल्याने, धुऊन झाल्यावर ती वरची वर व खालची खाली या मूळ क्रमाने, गांडुळांसह, घडी घालून परत मिळावी, ही विनंती."