घरात कोण कोण हाय?

कर्जतजवळच्या दहिवलीच्या चौकात निवेदिताचं मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाईक असे, पण तिचा जीव रमायचा तो 'झाडलोट' नावाच्या इंटरनेटवरच्या गटात. व्हायरस शिरलेल्या फोनची लक्षणं लोक तिथे कळवायचे आणि अकोल्यापासून कणकवलीपर्यंत विखुरलेली गटातली माणसं आपापली कामं सांभाळून त्याचा छडा लावायची. बहुतेकांनी एकमेकांना गटातल्या फोटोपलीकडे कधी पाहिलंही नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला कशेळ्याचा नवीन नावाचा टेंपोवाला दुकानात आला. फोन त्याने काउंटरवर ठेवला, पण लांबच.

"म्याडम, व्हॉट्सॲपवर कुणाची तरी लग्नपत्रिका आली. उघडली तर आत काय नाय. तवापासून फोन आपसूक लोकांना लागतो. आणि बोलतो पण मीच."

"मीच म्हणजे?"

"माझा आवाज. परवा गावाकडं आईला लागला. विचारलं, घरात कोण कोण हाय? आई म्हणाली, कोण असणार रं, एकलीच हाय मी. आणि मी तर तवा टेंपो चालवत होतो. फोन खिशात."

निवेदिताने ती पत्रिकेची फाइल गटावर टाकली. सांगली, परभणी, वाडा, सगळीकडून तीच तक्रार येऊ लागली. मग गट कामाला लागला. नागपूरच्या सरोजिनीताईंनी फाइल सोडवून तिच्या आतला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. कुणी त्याला हुकूम देणारा सर्व्हर शोधला. खोपोलीजवळच्या कुंभिवलीतल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या हिरामणने जुन्या फोनमध्ये तो व्हायरस मुद्दाम घेतला, स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर आलेले कॉल उचलले आणि रेकॉर्डिंग गटाला पाठवली. फोन साफ कसा करायचा ते निवेदिताने सोप्या भाषेत लिहिलं आणि ते गावोगावच्या ग्रुपांवर फिरलं.

एकच गोष्ट बसत नव्हती. सरोजिनीताईंनी लिहिलं, "यात आवाज बनवायची सोयच नाही. हा नुसता नंबर लावतो. पुढे जे बोलतं, ते यात नाही."

"सर्व्हरवरून येत असेल," निवेदिताने उत्तर दिलं. सगळ्यांना ते पटलं.

गटाच्या तक्रारीवरून सर्व्हर बंद झाला. कॉल थांबले. त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांचं तोंडभरून कौतुक केलं.

महिन्याभराने नवीन पुन्हा आला. फोन दाखवायला नव्हे.

"आई दोन ताटं वाढते, म्याडम. दिवसभर कुणाशी तरी बोलत असते. कशेळ्याला चल म्हटलं, तर म्हणते, आता आमाला कसलं रं एकटं वाटतंय?"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. तब्येत ठणठणीत हाय. लई खुशीत हाय वो ती. त्याचीच भीती वाटते."

तो गेल्यावर निवेदिताने गटावर विचारलं, ज्यांनी ते कॉल उचलून उत्तर दिलं, ती माणसं आता कशी आहेत? सांगलीच्या एकाने लिहिलं, काका आता बाहेर पडत नाहीत, म्हणतात घरी माणूस आहे. मग हिरामणचं उत्तर आलं.

"काळजी नसावी. आम्ही मजेत आहोत."

हिरामण नेहमी 'मी' लिहायचा. निवेदिताने त्याची जुनी रेकॉर्डिंग पुन्हा लावली. फोनमधला हिरामण विचारत होता, घरात कोण कोण हाय? आणि खरा हिरामण हसत म्हणत होता, "एकटाच आहे, बोला."

रविवारी दुपारी ती कुंभिवलीला गेली. हायवेवरून कंटेनर धडधडत जात होते. कारखान्याच्या भिंतीला लागून भाड्याच्या खोल्या होत्या. शेवटची हिरामणची, असं पानटपरीवाल्याने सांगितलं. बाहेर दोरीवर एकच शर्ट वाळत होता. तिने दार वाजवलं.

"कोण कोण हाय?" आतून आवाज आला. रेकॉर्डिंगमुळे ओळखीचा झालेला, हिरामणचाच.

"मी निवेदिता, कर्जतहून आलेय," ती म्हणाली. "एकटीच आहे."

आत शांत झालं.

"अरे, ताई तुम्ही?"

ती दचकून वळली. दुधाची पिशवी घेऊन हिरामण मागे उभा होता. त्याने खिशातून किल्ली काढली. दाराला बाहेरून कुलूप होतं, ते तिने आत्ता पाहिलं.

"या ना आत. चहाच टाकणार होतो आम्ही."

दार उघडलं. खोली रिकामी होती. पंखा फिरत होता.

"नको," ती म्हणाली. "उशीर होईल."

तिने आग्रह करू दिला नाही. मागे न बघता ती हायवेपर्यंत चालत गेली.

खोपोलीला कर्जतची एसटी मिळाली. निवेदिता खिडकीपाशी बसली. गाडी भरत गेली, माणसं दांड्याला धरून उभी राहिली.

तिच्या शेजारी मात्र कुणी बसलं नाही.

वाटेत एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली. गर्दीतून सरकत तिच्या सीटपाशी आली.

"बसा ना, आजी," निवेदिता म्हणाली.

म्हातारीने रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि घाईने हात हलवला.

"नको, नको, उठू नका तुमी. मला फुडंच उतरायचं हाय."

ती निवेदिताशी बोलत नव्हती.